पिवळ्या रंगात आमची गल्ली

त्या शनिवारी सकाळी मी अंगणात दात घासत उभी होते. अप्पा शेडच्या दारातून बाहेर आले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरून म्हणाले, "कण्णू, नीट बघून सांग. पिवळे दिसतात का?"

"का? कावीळ झालीय?"

"मला नाही. गल्लीला झालीय."

शहराचा नवा विकास आराखडा नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर लागला होता आणि आदल्या दिवशी अप्पा शेजारच्या नाचिमुत्तु अण्णांना घेऊन तो पाहून आले होते. त्यात कारखान्यांना जांभळा रंग, दुकानांना निळा, राहत्या घरांना पिवळा. जिथे घरंही आहेत आणि घरातच लहानसहान यंत्रंही आहेत, त्या भागाला नारिंगी. कोईम्बतूरमध्ये अशा नारिंगी गल्ल्या कितीतरी. जुन्या आराखड्यात आमचीही नारिंगीच होती. नव्यात मात्र सेल्लांडी अम्मनच्या देवळापासून थेट नाल्यापर्यंत सगळी हळद सांडल्यासारखी पिवळी झाली होती.

पिवळ्या भागात आमच्यासारखी यंत्रं चालवता येत नाहीत. हातातला परवाना संपला की नवा मिळणार नाही. मग गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत जागा घ्या, नाहीतर शटर पाडा.

वसाहतीत जाणं आमच्या लोकांना का जमत नाही, हे गल्लीत एक दिवस काढला की कळतं. पंपाचा शाफ्ट आमच्या घरी लेथवर आकार घेतो. तिथून तो नाचिमुत्तु अण्णांकडे जातो, ते त्याला खाच पाडतात. पुढच्या घरी भोकं पडतात, त्याच्या पुढच्या घरी भट्टीत तो कडक होतो आणि नाल्याजवळच्या शेवटच्या घरी घासून चकचकीत होऊन बाहेर पडतो. या घरातून त्या घरात त्याला मोपेडवर पायांपाशी ठेवून नेतात. एकटा कुणी वसाहतीत गेला, तर त्याच्या हातात अर्धाच शाफ्ट राहणार आणि सगळे मिळून जातील इतकी ऐपत गल्लीत कुणाची नाही.

नाश्ता झाल्यावर अप्पांनी मला पडवीत बसवलं. ईरोडच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. घरी आले की लिहिण्याचं जे काही साठलेलं असेल ते माझ्यापुढे येतं. अप्पा सांगत होते आणि मी लॅपटॉपवर त्यांची हरकत लिहून घेत होते.

"लिही. आमची गल्ली म्हणजे एकच कारखाना आहे. मधे मधे स्वयंपाकघरं आहेत, एवढंच."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सदर परिसरातील घटक परस्परावलंबी उत्पादनसाखळीने जोडलेले असून..."

"हे कोण बोलतंय?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हीच. जरा सरकारी करून."

"मला ओळखू आलं नाही. माझंच राहू दे. त्यांच्याकडे सरकारी भाषा बोलणारे पुष्कळ असतील."

आतून ड्रिलचा आवाज थांबला आणि अम्मा ओरडली, "बापलेकीचं झालं असेल तर कुणीतरी कुकर उतरवा. माझे हात तेलाचे आहेत." लग्न होऊन आली तेव्हापासून अम्मा आमच्याकडे ड्रिल चालवायची. शाफ्टची भोकं शेजारी जायची, पण पंपाच्या बारीकसारीक भागांची, बुशांची, भोकं तिच्याकडे असायची.

कुकर मी उतरवला. अरिसी-परुप्पु, म्हणजे डाळतांदळाचा भात, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. जेवताना नाचिमुत्तु अण्णा डोकावले, पानात काय आहे ते पाहून थांबले आणि जेवूनच गेले. "सुनावणीला कोण बोलणार?" ते म्हणाले. "मला विचाराल तर मी भांडेन. बोलायला येत नाही."

"ही बोलेल," अप्पा माझ्याकडे मान करून म्हणाले. "एवढी पुस्तकं वाचते, त्यातलं काहीतरी आपल्या कामी येऊ दे."

"बघू," मी म्हटलं.

दुपारी माझ्या जुन्या खोलीत आडवी झाले. ती खोली आणि शेड यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे लेथ सुरू झाला आणि माझे डोळे मिटले. थोड्या वेळाने आवाज थांबला म्हणून मी जागी झाले. अप्पा दारात उभे होते, हात पुसत.

"झोपली होतीस ना? बंद केलाय. झोप आता."

"काही त्रास नव्हता, अप्पा."

"असू दे. शाफ्ट कुठे पळून जात नाही." त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

मग काही मला झोप लागली नाही. संध्याकाळी त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते आणि माझ्या शेजारी बसलेली एक बाई पेरूच्या फोडी करून खात होती, तिला विचारत होते की हे कुठे मिळाले, गोड आहेत का. बस हलली तेव्हा त्यांचं लक्ष पेरूंकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते कॉफीचा पेला हातात घेऊन पायरीवर बसले, आणि तिथेच गेले. अम्मा म्हणते, पेला कलंडलासुद्धा नाही.

गल्लीत त्या दिवशी एकही यंत्र चाललं नाही. रविवार होता म्हणून नव्हे. आमच्याकडे काम तुंबलं की रविवारीही एखाददुसरं चालतंच. कोपऱ्यावर नव्याने झालेल्या सात मजली इमारतीतून वेंकटराघवन सर आले होते. ते बँकेतून निवृत्त झालेले. यंत्रांच्या आवाजाबद्दल त्यांच्या आणि अप्पांच्या बऱ्याच कुरबुरी झाल्या होत्या. ते हात जोडून उभे राहिले, अम्माला म्हणाले, "सज्जन माणूस. भांडतानासुद्धा आधी पाणी विचारायचे." आणि डोळे पुसत गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. अम्माने अप्पांचं एक जुनं धुतलेलं वेष्टी, नेसायचं धोतर, लेथवर पांघरलं. नाचिमुत्तु अण्णांनी एकदा विचारलं, एखादा कारागीर पाठवू का, ऑर्डर अडलीय. ती म्हणाली, "परक्या हाताने ती चिडेल." आमच्याकडे लेथला 'ती'च म्हणायचे. मग शाफ्ट दुसऱ्या गल्लीतून कातून यायला लागले, आणि आमच्या घरी सकाळी जी शांतता पसरायची, तिच्यात अम्माच्या बांगड्यांचाही आवाज मोठा वाटायचा.

सुनावणीचं बोलावणं अप्पांच्या, म्हणजे मरुदाचलम यांच्या नावाने आलं. मी रजा टाकली.

कार्यालयाच्या सभागृहात पंखे खडखडत होते. गल्लीतली माणसं स्वच्छ शर्ट घालून एका बाजूला बसली होती, इमारतीतली दुसऱ्या बाजूला. समोर नगररचना अधिकारी ज्ञानसेल्वी मॅडम, वयाने माझ्याच आगेमागे, केसांत अबोली. हरकती एकेक करून पुकारल्या जात होत्या. वेंकटराघवन सरांची हरकत आमच्या आधी होती. म्हणजे हरकत नव्हेच, त्यांना पिवळा रंग हवाच होता.

"मॅडम, माझी बायको आजारी असते," ते उभं राहून म्हणाले. "दिवसभर घण पडल्यासारखा आवाज. रात्रीसुद्धा. आयुष्यभर कमावलेलं घालून घर घेतलं. घरात निदान झोप तरी मिळावी की नाही?"

नाचिमुत्तु अण्णांना राहवलं नाही. "सर, आमची यंत्रं इथे होती तेव्हा तुमच्या इमारतीच्या जागी चिंचेचं झाड होतं. घर घेताना ऐकू आलं नाही का?"

"बिल्डरने रविवारी दाखवलं, अण्णा."

सभागृहात हशा पिकला. सरही हसले, पण बसले नाहीत. "आणि माझे कान मी कुठे ठेवून येऊ ते सांगा."

मॅडमनी दोघांनाही हाताने थांबवलं आणि आमची हरकत पुकारली. मी पुढे गेले. अप्पांचं वाक्य जसंच्या तसं वाचलं, "आमची गल्ली म्हणजे एकच कारखाना आहे. मधे मधे स्वयंपाकघरं आहेत, एवढंच." शाफ्ट कुठून कुठे जातो ते सांगितलं.

मॅडम शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते मी समजू शकते. पण रंग आम्ही मनाने भरत नाही. जागेवर जे आढळतं त्यावरून भरतो. सर्वेक्षण बाहेरच्या कंपनीने केलं, प्रत्येक घराचा फोटो आहे. तुमच्या गल्लीत त्यांना एकही यंत्र चालू दिसलं नाही. शटर बंद, आवाज नाही. नोंद अशी आहे की घरमालकाला विचारलं, तर त्यांनीच सांगितलं, इथे काही चालत नाही."

"कोणी सांगितलं असं?" अण्णा उसळले.

मॅडमनी कारकुनाला खूण केली. समोरच्या पडद्यावर आमचं घर आलं.

आणि घरासमोर अप्पा.

कोरं वेष्टी, कपाळभर विभूती, आणि पुढे केलेल्या हातात कागदाचा पुडा. फोटो काढणाऱ्यालाच ते तो देत होते. कॅमेऱ्याकडे न पाहता त्याच्यामागच्या माणसाकडे पाहून हसत होते, बसस्टँडवर पेरू खाणाऱ्या बाईशी बोलताना हसत होते तसेच. माझ्यामागे अम्मा खुर्ची सरकवून उभी राहिल्याचं मला ऐकू आलं. मी पडद्यावरून नजर काढली नाही. त्यामुळेच बाकीचं दिसलं: दाराच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, अर्ध्या पाडलेल्या शटरवर चंदनाचे ठिपके, रस्त्यात कुंकू भरून फोडलेला कोहळा.

"मॅडम," मी म्हटलं, "फोटोची तारीख जरा बघता का?"

त्यांनी बघायच्या आधीच त्यांना दिसलं असावं. त्या पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांचा हात आपोआप कपाळाशी गेला. "ही तर नवमीची आयुधपूजा," त्या पुटपुटल्या.

अण्णा उभे राहिले. "मी तिथेच होतो, मॅडम! बाहेरच्या राज्यातली पोरं. हिंदीत म्हणाली, मशीन चालू करून दाखवा. मरुदाचलम म्हणाले, आज तिची पूजा झालीय, आज तिला हात लावायचा नाही, आज इथे काही चालत नाही. उन्हात आलात, चुरमुरे खाऊन जा."

मग इमारतीच्या बाजूने कुणीतरी खुदकन हसलं, आणि हसू दोन्ही बाजूंना पसरलं. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला.

"त्या दिवशी आमच्या कार्यालयालासुद्धा कुलूप असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या जीपलासुद्धा हार घातलेला होता. सोबत आमचा माणूस गेला असता तर हे झालं नसतं." मग सरळ बसल्या. "हा फोटो ग्राह्य धरता येणार नाही. पण चुरमुऱ्यांवर नारिंगी रंगही देता येणार नाही. मी स्वतः येऊन पाहीन, कामाच्या दिवशी. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत शाफ्ट जाताना मला दिसला पाहिजे. वेंकटराघवन सर, तुम्हीही या. आवाज ऐकायला माझ्यासोबत कुणीतरी हवं."

बाहेर आल्यावर अम्मा व्हरांड्यातल्या बाकावर बसली. "बाई गं, स्वतःच पिवळं करून ठेवलं आणि वर मला विचारत होते, असं कसं झालं म्हणून," ती म्हणाली. आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदा ती हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

पण एक अडचण सगळ्यांच्या लक्षात आली होती आणि कुणी बोलत नव्हतं. शाफ्टचं पहिलं घर आमचं होतं.

पाहणीच्या सकाळी मी उठले तेव्हा अम्मा शेडमध्ये होती. लेथवरचं वेष्टी तिने घडी करून खिडकीत ठेवलं होतं. लेथ पुसला, विभूतीची तीन बोटं ओढली. मग कुंकवाची डबी माझ्यापुढे धरली.

"तू लाव."

"तूच लाव, अम्मा. तुझा हात तिच्या ओळखीचा आहे."

मग बोट डबीत बुडवून तिने लेथला कुंकू लावलं आणि ते बोट पदराला न पुसता तसंच ठेवलं.

"आणि चालवणार कोण?" मी विचारलं.

"इतकी वर्षं काय मी नुसती भोकं पाडत बसले होते?" ती म्हणाली. "तुझे अप्पा जेवायला बसले की उरलेला शाफ्ट कोण पुरा करायचं?"

मला हे माहीत नव्हतं.

मॅडम आल्या, सोबत वेंकटराघवन सर आणि आवाज मोजायचं यंत्र घेतलेला एक माणूस. अम्माने खटका दाबला. पट्टा सळसळला, शाफ्ट पकडणारा चक फिरायला लागला, लोखंडाचा कुरळा चुरा खाली पडू लागला. शाफ्ट उतरला तसा अण्णांनी तो मोपेडवर पायांपाशी ठेवला आणि मॅडम त्यांच्यामागे चालत निघाल्या. खाच, भोकं, भट्टी, नाल्याजवळची घासणी. प्रत्येक घरी कुणी ना कुणी त्यांना कॉफी विचारत होतं. परत येईपर्यंत त्यांच्या साडीच्या काठाला तेल लागलं होतं आणि चकचकीत शाफ्ट त्यांनी स्वतःच्या हातात धरला होता.

"साखळी आहे," त्या म्हणाल्या. "हे घरांचं पिवळं नव्हे. पण सरांचंही खोटं नाही. भट्टीच्या शेजारचं ते घर, आणि तुमचं, अण्णा. जमीन हादरते."

"मी सांगतच होतो," वेंकटराघवन सर म्हणाले. मग आमच्या शेडकडे वळून म्हणाले, "पण हे घर कसं काय? इथलं मशीन सगळ्यात मोठं. भिंतीला हात लावला तरी कळत नाही."

मॅडमनी मापकाकडे पाहिलं. त्या माणसाने मान हलवली. आकडा कमी होता.

"खाली रबर आहे," अम्मा म्हणाली. "जाड, खाणीतल्या पट्ट्याचं. लेथ उचलून चारी पायांखाली घातलंय. आणि रात्री आठनंतर बंद. तेव्हापासून आजपर्यंत."

"कोणी सांगितलं होतं घालायला?"

"कोणी नाही. हिची बारावी होती." अम्माने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "पोरीला अभ्यास होत नाही, झोप लागत नाही म्हणून ह्यांनी चार माणसं बोलावून लेथ उचलला. अख्खी गल्ली हसली होती."

"मी सगळ्यात जास्त हसलो होतो," अण्णा म्हणाले.

मॅडम खाली वाकल्या. लेथच्या पायाशी काळं, तेलकट रबर दिसत होतं. त्यांनी ते बोटाने दाबून पाहिलं आणि उभ्या राहिल्या. "नारिंगीची शिफारस मी करीन. अटीसह. प्रत्येक यंत्राखाली असंच रबर, आणि आठनंतर बंद. चालेल, सर?"

वेंकटराघवन सरांनी जरा विचार केला. "साडेसात."

"आठ, सर," अण्णा म्हणाले. "साडेसातला माझ्या घरी मालिका लागते, बायको मला घरात घेत नाही. पण रबर उद्याच घालतो. लेथ उचलायला तुम्हीही या."

"येतो," सर म्हणाले. "पण पाठ माझी नाजूक आहे, आधीच सांगतो."

सगळे हसले. मॅडमना माझी खोली पाहायची होती, भिंतीपलीकडून किती ऐकू येतं ते तपासायला. अम्माने लेथ पुन्हा सुरू केला. खोलीत आम्ही दोघीच होतो. आवाज आला, म्हणजे जेमतेम आला. भिंतीतून घरघर झिरपत होती, दूर कुठेतरी मोट चालावी तशी.

"अभ्यास झाला मग बारावीचा?" मॅडमनी विचारलं.

मी पलंगाकडे पाहिलं. तो अजून तसाच होता, भिंतीला टेकवलेला. रबर घातलं त्या दिवशी मीच तो ओढून भिंतीला लावला होता. अप्पांना वाटलं, वाऱ्यासाठी.

शेडमधला आवाज थांबला. अम्मा दारात आली, हात पुसत. "ऐकू आलं का गं काही? त्रास होण्याइतकं?"

मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्यामागे उघड्या दारातून दिसणाऱ्या लेथकडे.

"अप्पा," मी मोठ्याने म्हटलं, "मला तो आवाज आवडायचा. बारावीत झोप उडाली होती ती परीक्षेच्या भीतीने. तुम्ही लेथ चालू केला की मला झोप लागायची. रबर घातल्यावर ऐकू येईना, म्हणून मी दुपारी उशी भिंतीला लावून झोपायचे. बंद करू नका. चालू राहू द्या."